नववीचा डीएनए प्रकल्प : दोन कपाटं, अडतीस मुलं, बारा शनिवार

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी विज्ञान शिकवते. मराठी माध्यम, अनुदानित शाळा. खालच्या नोंदी जुलै ते सप्टेंबर २०२४ मधल्या आहेत. मुलांकडून पुस्तकांतून शोधकाम करून घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांना आणि ग्रंथपालांना उपयोगी पडतील म्हणून जशा लिहिल्या तशाच देते. मुलांची नावं काढली आहेत आणि खर्च शेवटी एकत्र केला आहे, एवढाच बदल.

१ जुलै, सोमवार

गेल्या वर्षीच्या प्रकल्पांच्या फायली कपाटावरून खाली काढल्या. डीएनए हा विषय नऊ गटांनी घेतला होता. सात फायलींत नेट कॅफेतून काढलेली तीच चार पानं, वर पिळदार शिडीचं रंगीत चित्र. त्या शिडीच्या पायऱ्या कशाच्या असतात हे तोंडी परीक्षेत एकालाही सांगता आलं नव्हतं. तरी गुण मी भरभरून दिले होते. ती चूक माझी.

यंदाची अट : पहिले दोन महिने नेट बंद. जे लिहायचं ते छापील मजकुरातून, आणि प्रत्येक विधानाला दोन वेगवेगळ्या पुस्तकांचा आधार.

ग्रंथपाल सर अर्धवेळ आहेत. दुपारी त्यांच्याबरोबर बसून शाळेच्या दोन्ही कपाटांतली विज्ञानाची पुस्तकं खाली काढली. एकशे चाळीसच्या आसपास निघाली. आनुवंशिकतेवर काहीतरी असलेली अकरा, त्यातल्या तिघांना वाळवी लागलेली. आठ पुस्तकं आणि अडतीस मुलं. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांना फोन केला. मुलांना शनिवारी तिथे बसू द्यायला ते लगेच तयार झाले.

६ जुलै, शनिवार

पहिली तासिका पूर्ण वाया गेली. फळ्यावर लिहिलं, ‘डीएनएची माहिती शोधा’. सहा-सहा, सात-सात जणांचे सहा गट केले आणि पुस्तकं वाटली. पंचेचाळीस मिनिटांनी सगळ्या वह्यांमध्ये एकच परिच्छेद होता, तोही ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ या पाठ्यपुस्तकातल्या धड्यातला. एका गटाने तर समोरचं संदर्भपुस्तक उघडलंच नाही.

मुलांचा दोष नाही. ‘माहिती शोधा’ हा प्रश्नच नव्हे. काय सापडलं की थांबायचं हे कळत नसेल, तर जवळचं जे दिसेल ते उतरवून घेणंच शहाणपणाचं ठरतं.

१३ जुलै, शनिवार

आज पुस्तकांना हात लावायचा नाही असं सांगितलं. प्रत्येकाने एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, ज्याचं उत्तर खरोखर हवं आहे असा. अडतीस चिठ्ठ्या आल्या. वाचताना अंगावर काटा आला, इतके चांगले प्रश्न. ‘बीटी कापसाला बोंडअळी लागत नाही म्हणे, मग आमच्या कापसाला कामून लागते?’ ‘पोलीस एका केसावरून माणूस कसा ओळखतात?’ ‘डीएनए पहिल्यांदा कुणी पाहिला आणि कशात?’ ‘फोटो काढणाऱ्या बाईला नोबेल का नाही दिलं?’ ‘माणसात किती जनुकं असतात हे मोजलं कसं?’

इथे माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती सगळ्यांत मोठी. एका चिठ्ठीवर होतं, ‘माझ्या भावाला सिकलसेल आहे, मला का नाही?’ मी ती नावासकट मोठ्याने वाचली. प्रश्न उत्तम आहे एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ती मुलगी तासाच्या शेवटपर्यंत मान खाली घालून बसली. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे आणि लग्नाच्या गोष्टीत तो विषय कसा निघतो हे मला माहीत असायला हवं होतं. सुट्टीत तिची माफी मागितली. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आईशीही बोलले.

त्या दिवसापासून चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, पेटीत टाकायची, असा नियम केला. दुसरा नियम असा की कुठल्याही गटाने आपल्या किंवा दुसऱ्याच्या घरच्या आजाराचं उदाहरण प्रकल्पात घ्यायचं नाही. हा विषय शिकवणाऱ्याने हे दोन नियम पहिल्या दिवशीच करावेत.

उरलेल्या वेळात प्रश्न लहान केले. ‘डीएनएचं रहस्य’ असं काही चालणार नाही म्हटल्यावर एक गट रुसला. त्यांना विचारलं, रहस्य कळलं हे कशावरून ओळखाल? वीस मिनिटं वाद घालून ते ‘पहिल्यांदा कुणी पाहिला’ या प्रश्नाशी आले.

२० जुलै, शनिवार

सार्वजनिक वाचनालयात पहिली बैठक. इथे मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईहून निघालेला हा कोश आमच्या मुलांनी आधी कधी हातात घेतला नव्हता. ‘ड’च्या खंडात पंधरा मिनिटं गेली. मग कुणीतरी म्हणालं की डीएनएचं लांब नाव बघू या. तेव्हा ‘न्यूक्लिइक अम्ले’ हा शब्द मिळाला. आता तो कुठे शोधायचा? चार गटांनी ‘नु’ आणि ‘नू’ची पानं चाळली. न्यू हे जोडाक्षर आहे, म्हणजे न, ना, नि, नी असं करत नौ संपल्यावर पुढे न्य येतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इंग्रजी डिक्शनरीत ही मुलं चटकन शब्द काढतात, पण मराठी कोशाचा क्रम त्यांना कुणी शिकवलेला नाही. त्यात मीही आले.

पुढची अडचण त्याहून जाड. विश्वकोशात ‘कोशिका’ असा शब्द आहे, आमच्या पाठ्यपुस्तकात ‘पेशी’. एक गट अर्धा तास कोशिका म्हणजे पेशीच्या आतला एखादा भाग समजून टिपणं काढत होता. पाठ्यपुस्तकातलं विकर दुसरीकडे एंझाइम होतं. जनुक कुठे जनुक असतं, कुठे जीन. आनुवंशिक, अनुवंशिक, अनुवांशिक ही तिन्ही रूपं तीन पुस्तकांच्या सूचींत सापडली. सूचीत एक रूप शोधायचं, मिळालं नाही की ‘या पुस्तकात नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं, असं आज निदान सहा वेळा झालं.

यावर उपाय म्हणून शब्दवही सुरू केली. प्रत्येक गटाची एक. डाव्या पानावर पाठ्यपुस्तकातला शब्द, उजवीकडे तोच शब्द इतर पुस्तकांत ज्या ज्या रूपात भेटला ती रूपं, शेवटी इंग्रजी शब्द देवनागरीत. भाषा संचालनालयाचा जीवशास्त्र परिभाषा कोश ग्रंथपाल सरांनी घरून आणून दिला. बैठक सुरू होण्याआधी दहा मिनिटं फक्त शब्दवही. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं, दोन शनिवार वाचले असते.

२७ जुलै, शनिवार

पाऊस. नाल्याला पूर, दोन गावांची मुलं पोचलीच नाहीत. शाळेच्या ग्रंथालयात छत गळत होतं, पुस्तकं वर्गात हलवण्यात दिवस गेला. वाळवीची तीन पुस्तकं वेगळी ठेवली.

३ ऑगस्ट, शनिवार

टिपणं कशी काढायची, यावर आजचा दिवस. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. वरच्या उजव्या कोपऱ्यात पुस्तक आणि पान. मजकूर पुस्तक मिटूनच लिहायचा, मग पुस्तक उघडून पडताळायचा. पुस्तक मिटायला सांगितल्यावर पहिली दहा मिनिटं कुणाचीच लेखणी हलली नाही. एक मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, वाचताना समजलं होतं, आता काहीच नाही.’’ मग परत उघडायचं, परत वाचायचं, परत मिटायचं. तासाला गटामागे सरासरी चार चिठ्ठ्या झाल्या. वेग फार कमी, पण त्या चार चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय हे मुलांना सांगता येत होतं.

१० ऑगस्ट, शनिवार

जिल्ह्याच्या ग्रंथालयात सहल. प्रत्येक गटातून दोघं, अशी बारा मुलं, ग्रंथपाल सर आणि मी. लाल परीने गेलो. मुलींना आणि मला अर्धं तिकीट, मुलांना पूर्ण.

तिथली मांडणी ड्यूई दशांश पद्धतीची, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा आणि त्या आकड्यांच्या क्रमाने पुस्तकं. मी आदल्या रात्री तयारी करून गेले होते : आनुवंशिकी म्हणजे ५७६.५, तिथे उभं राहायचं आणि पुस्तकं उचलायची. त्या फळीवर दोन पुस्तकं होती. मुलांचे चेहरे पडले. ग्रंथपाल सर मात्र पलीकडच्या फळीशी जाऊन हाक मारू लागले. जीवशास्त्राचे आकडे या पद्धतीच्या १९९६ च्या एकविसाव्या आवृत्तीत बदलले. त्याआधी आनुवंशिकी ५७५.१ ला असायची आणि पेशींचा अभ्यास ५७४.८७ ला. जुन्या पुस्तकांवर जुना आकडा तसाच राहतो. रेणूंच्या पातळीवरचं काही हवं तर ५७२.८, न्यायवैद्यक ६१४ ला, जैवतंत्रज्ञान ६६०.६ ला आणि कापूस शेतीत ६३३.५१ ला. एकच विषय आणखी सहा जागी विखुरलेला. हे आकडे सरांनी एका कागदावर लिहून दिले आणि मुलं दोन-दोनच्या जोडीने पांगली. दीड तासात एकवीस पुस्तकं टेबलावर आली.

झेरॉक्स मशीन बंद होतं. पुस्तकं बाहेर नेता येत नव्हती, कारण आमच्याकडे तिथलं सभासदत्व नव्हतं. मी ते आधी विचारून ठेवलं नव्हतं. सगळं हाताने उतरवावं लागलं, साडेतीन तास. परतीची गाडी चुकली, पुढची दीड तासाने. पालकांना फोन करता करता पुरेवाट झाली.

१२ ऑगस्ट, सोमवार

ग्रंथपाल दिन. एरवी आमच्या शाळेत ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या फोटोला हार घालून पाच मिनिटांत उरकतो. आज सरांनी अर्धा तास मागून घेतला. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलचा आहे, असं सांगून त्यांनी मुलांना कामाला लावलं : शनिवारी आपण सहा फळ्या फिरलो, पुढच्या मुलाला फिरावं लागू नये म्हणून काय कराल? मुलांनी शाळेच्या आठ पुस्तकांची विषयपत्रं, म्हणजे वर विषय आणि खाली पुस्तकाचं नाव अशी कार्डं, बनवली. एका पुस्तकाला तीन-तीन, चार-चार पत्रं. ‘पेशी’खाली एक, ‘कोशिका, पेशी पाहा’ असं दुसरं. शब्दवहीचा असा उपयोग माझ्या डोक्यात आला नव्हता.

१७ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

जनुकं मोजण्याच्या गटाला सार्वजनिक वाचनालयात एक जुनं पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ गेलेलं, पानं पिवळी. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की माणसाच्या पेशीत अठ्ठेचाळीस गुणसूत्रं असतात. पाठ्यपुस्तकात सेहेचाळीस. गटात दोन तट पडले. एक म्हणे छापताना चूक झाली, दुसरा म्हणे जाड पुस्तक खोटं कसं असेल. एक मुलगी माझ्याकडे आली आणि अगदी दुखावल्यासारखी म्हणाली, ‘‘मॅडम, पुस्तक बी खोटं सांगते काय?’’

मी उत्तर दिलं नाही, देऊ नये असं वाटलं. फक्त विचारलं, पुस्तक कधी छापलंय? आतल्या पानावर होतं शके १८७४. हे साल म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी वाचनालयातल्या कालनिर्णयवरून आजचा शक आणि इसवी सन ताडून पाहिला, अठ्ठ्याहत्तरचा फरक काढला आणि १९५२ साल आलं. मग पुढचा प्रश्न मुलांनीच विचारला : १९५२ नंतर काही झालं का?

ते शोधायला पाऊण तास लागला. जिल्ह्याहून उतरवून आणलेल्या टिपणांत उत्तर होतं. १९२३ मध्ये पेंटर या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली मोजून चोवीस जोड्या सांगितल्या आणि तीस-बत्तीस वर्षं सगळे तोच आकडा देत राहिले. गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली दिसत, मोजणं कठीण होतं. पुढे पेशी फुगवून ती मोकळी पसरवायची पद्धत आली आणि १९५६ मध्ये त्यियो आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये मोजली, तर सेहेचाळीस भरली. म्हणजे ते पुस्तक खोटं बोलत नव्हतं. त्याच्या काळातलं सगळ्यांना मान्य असलेलं तेच ते सांगत होतं.

हे कळल्यावर गटाने आपल्या सगळ्या चिठ्ठ्या परत काढल्या. जनुकांच्या संख्येवरही तीच तऱ्हा. नव्वदच्या दशकातल्या एका पुस्तकात एक लाख, नंतरच्यात वीस हजारांच्या आसपास. मध्ये १९९० ते २००३ पर्यंत चाललेला मानवी जनुकसंचाचा प्रकल्प होता, ज्यात सुमारे तीन अब्ज अक्षरजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा, क्रम लावला गेला. मोजणीआधीचा आकडा अंदाजाचा होता. त्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

आजपासून चिठ्ठीच्या कोपऱ्यात पुस्तक आणि पानाबरोबर सालही. आधीच्या एकशे दहा चिठ्ठ्यांवर साल नव्हतं. ती सगळी पुस्तकं परत उघडावी लागली, त्यात पुढचा बुधवार आणि गुरुवार गेला. त्या जुन्या पुस्तकात पेनने आकडा दुरुस्त करायचा मुलांचा विचार होता. वाचनालयाच्या कार्यवाहांना विचारून त्यांनी त्या पानात एक चिठ्ठी ठेवली, पुस्तकाला हात लावला नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

‘पहिल्यांदा कुणी पाहिला’ आणि ‘फोटो काढणारी बाई’ या दोन गटांचं भांडण. एकाच्या चिठ्ठीवर ‘डीएनएचा शोध १८६९, मिशर’, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ‘डीएनएचा शोध १९५३, वॉटसन आणि क्रिक’. दोघांकडे दोन-दोन पुस्तकांचे आधार. आठवडाभर दोन्ही गट एकमेकांना चुकीचं म्हणत होते.

साल दोन्हींवर होतं, तरी सुटेना. खोट ‘शोध’ या शब्दात होती. फ्रीडरिश मिशरने ट्यूबिंगनमध्ये दवाखान्यातून आणलेल्या पट्ट्यांवरच्या पुवातून पांढऱ्या पेशी धुऊन घेतल्या, त्यांच्या केंद्रकातून एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला न्यूक्लीन म्हटलं. वॉटसन आणि क्रिक यांनी त्याची रचना सांगितली. वस्तू सापडणं निराळं, तिची घडण कळणं निराळं. त्या दोन्हींच्या मधलं आणखी एक टप्प्याचं काम मुलांना तिसऱ्याच पुस्तकात मिळालं : १९४४ मध्ये अॅव्हरी, मॅक्लॉइड आणि मॅक्कार्टी यांनी दाखवलं की आनुवंशिक गुण याच पदार्थातून जातात. दोन्ही गटांनी मिळून ‘शोध’ शब्द खोडला आणि ‘पदार्थ वेगळा केला’, ‘काम ओळखलं’, ‘रचना सांगितली’ असे तीन शब्दप्रयोग घेतले.

जिच्या प्रयोगशाळेत डीएनएचा क्ष-किरण फोटो निघाला, त्या रोझलिंड फ्रँकलिनवरच्या गटाचं पहिलं वाक्य होतं, ‘तिचा फोटो चोरला आणि बाई म्हणून तिला नोबेल दिलं नाही.’ मुली पेटलेल्या होत्या. त्यांचा राग मला पटत होता, तरी वाक्य तसंच जाऊ दिलं नाही. एकेका शब्दाला आधार मागितला. ‘तिचा फोटो’? लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मे १९५२ मध्ये तो तिच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्याने काढला. ‘चोरला’? जानेवारी १९५३ मध्ये तिथल्याच विल्किन्स या शास्त्रज्ञाने तो तिच्या नकळत वॉटसनला दाखवला. ‘नोबेल दिलं नाही’? वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना ते १९६२ मध्ये मिळालं. ती १६ एप्रिल १९५८ ला, सदतिसाव्या वर्षी गेली होती आणि हे पारितोषिक हयात नसलेल्याला देत नाहीत.

तीन वेळा लिहून झालेलं वाक्य असं : ‘तिच्या प्रयोगशाळेतला फोटो तिला न विचारता दाखवला गेला, त्याचा रचना सांगणाऱ्यांना उपयोग झाला, आणि पारितोषिकाच्या वेळी ती जिवंत नव्हती.’ एक मुलगी म्हणाली, ‘‘हे तर आधीपेक्षा जास्त वाईट वाटते.’’ मलाही तसंच वाटलं. २५ एप्रिल १९५३ च्या नेचरच्या अंकात वॉटसन-क्रिकच्या लेखाबरोबर विल्किन्स यांच्या गटाचा आणि फ्रँकलिन-गॉसलिंग यांचाही लेख होता, हे त्यांनी खाली जोडलं.

२८ ऑगस्ट, बुधवार

सिकलसेलच्या गटासाठी जादा तास. त्यांनी पुस्तकातून नेमकं काढलं होतं : हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एकच अक्षर बदलतं, जीएजीच्या जागी जीटीजी होतं, म्हणून प्रथिनाच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. पण ‘आईवडील दोघं वाहक असतील तर चारांत एकाला आजार’ याचा अर्थ त्यांनी असा लावला की एका मुलाला झाला की पुढची तीन सुरक्षित. आधार दोन पुस्तकांचा, वाक्य बरोबर, समज पूर्ण चुकीची. आणि ही चूक घरी गेली तर भारी पडेल अशी.

अख्ख्या वर्गाच्या एकोणीस जोड्या केल्या. दोघांच्या हातात एकेक रुपया. छापा म्हणजे साधं जनुक, काटा म्हणजे सिकलसेलचं. दोन्ही काटे पडले तर आजार, एकच पडला तर फक्त वाहक. प्रत्येक जोडीने चारदा उडवायचं, म्हणजे चार मुलांचं घर. सहा घरांत एकही आजारी नाही, आठ घरांत एक, चार घरांत दोन, आणि एका घरात तीन. शांतता पसरली. दर वेळी नाणं नव्याने उडतं, आधी काय पडलं ते त्याला ठाऊक नसतं, हे मग सांगावं लागलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्यसेविका ताई तपासणीची माहितीपत्रकं घेऊन आल्या होत्या, त्यांनी वाहक आणि रुग्ण यातला फरक पुन्हा समजावला. चिठ्ठी लिहिणारी ती मुलगी या गटात नव्हती. तास संपल्यावर ती ताईंशी बराच वेळ बोलत उभी होती. मी लांबच राहिले.

३१ ऑगस्ट, शनिवार

कापसाचा गट. त्यांच्याकडे ६३३.५१ ची दोन पुस्तकं, वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांची फाईल आणि एक जिन्नस जो कुठल्याच ग्रंथालयात नसतो : घरच्या कोठीतली बियाण्यांची रिकामी पाकिटं. पाकिटांवरचा मजकूरही छापील आधार मानायचा का, यावर चर्चा झाली. मानायचा, पण साल दिसत असेल तरच.

पुस्तकातून त्यांना कळलं की बीटीचं जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं. भारतात त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा एक जनुक होतं, २००६ पासून दोन. मग गुलाबी बोंडअळी का मरत नाही? पुस्तकात ‘आश्रय पिका’चा उल्लेख होता : कडेला साध्या कापसाच्या ओळी ठेवल्या तर तिथल्या बीटीला बळी पडणाऱ्या अळ्यांचे पतंग प्रतिकार करणाऱ्यांशी मिसळतात आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. गुलाबी अळी जवळजवळ कापसावरच जगते, म्हणून तिच्यासाठी हे जास्तच गरजेचं.

एका मुलाने ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर यायचं ते १२० ग्रॅमचं साध्या बियाण्याचं पाकीट आणलं. न फोडलेलं. त्याने घरी विचारलं होतं. ‘‘आबाजी म्हणाले, तेवढी जागा वाया कोण घालवेल, आम्ही ते कधी पेरलंच नाही. गावात कोणीच नाही पेरलं.’’ सहा आठवडे शोधत असलेल्या प्रश्नाचं उत्तर ते पाकीट होतं. मुलगा आजोबांना दोष देत नव्हता. त्या बियाण्याचं काम काय हे दुकानात कुणीच सांगितलं नव्हतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पाकिटावर मात्र लिहिलेलं आहे, बारीक अक्षरात.

सोमवारी पोळा, पुढच्या शनिवारी गणेश चतुर्थी. काम थेट चौदा तारखेला.

१४ सप्टेंबर, शनिवार

नेट उघडलं. संगणक कक्षात तीन यंत्रं, चालू एक, म्हणून माझा मोबाईल धरून दोन. तरीही काम भराभर झालं, कारण काय शोधायचं आणि कोणत्या शब्दाने, हे मुलांना माहीत होतं. विश्वकोशाच्या संकेतस्थळावर ‘कोशिका’ टाकताना कुणी अडखळलं नाही. पान उघडलं की पहिला प्रश्न, ‘‘याचं साल कुठे आहे?’’ पुष्कळ पानांवर ते नव्हतंच. माणसाचा आणि केळ्याचा डीएनए इतके टक्के सारखा, असं सांगणारा एक व्हिडिओ सगळ्यांना आवडला. आधार दोन ठिकाणी मिळाला नाही, तो वगळला. मी भरीला घातलं तरी त्यांनी घेतला नाही.

पोलीस-तपासाचा गट मागे पडला. त्यांच्याकडे बातम्यांची कात्रणं खूप, पद्धत समजावणारं पुस्तक एकच, आणि ते सभासदाकडे गेलेलं परत आलं नाही. जेफ्रीज या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये इंग्लंडात डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याची रीत काढली आणि हैदराबादेत लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यारीच्या डीएनएवरून बनवलेल्या साधनाने ती भारतात उभी केली, एवढं त्यांना एका जुन्या विज्ञान मासिकात मिळालं. मण्यारीवर ते इतके खूश झाले की मूळ प्रश्न, केसावरून माणूस कसा, तसाच राहिला.

२१ सप्टेंबर, शनिवार

मांडणी. तक्ते नाहीत. प्रत्येक गट टेबलाशी, समोर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पाहुण्याने प्रश्न विचारायचा आणि मुलाने चिठ्ठी काढून दाखवायची : पुस्तक, पान, साल. तीसेक पालक आले. पाच गट तयार होते. तपासाच्या गटाने ‘आमचं उत्तर अपुरं आहे’ असं लिहिलेला कागद टेबलावर ठेवला आणि जेवढं सापडलं तेवढंच सांगितलं. त्यांना पूर्ण गुण दिले. त्यावर शिक्षक-खोलीत मतभेद झाले, ते मी मान्य करते.

काही मुलांनी चिठ्ठ्या पाठ करून आणल्या होत्या. मधूनच थांबवलं तर पहिल्यापासून सुरू. एकूण सात जण तरी असे. त्यांच्यासाठी पुस्तक मिटून लिहिण्याचा सराव आणखी हवा होता.

खर्च : जिल्ह्याची जाण्या-येण्याची तिकिटं ९६० रुपये, तिथला नाश्ता ४२०, शब्दवह्या सहा, १५०, गावात काढलेल्या झेरॉक्स २१०, वाळवीच्या पुस्तकांची बांधणी ३००. एकूण २,०४०. शाळेने आठशे दिले, बाकी ग्रंथपाल सरांनी आणि मी निम्मे-निम्मे. वेळ : शनिवारचे साधारण सव्वीस तास, त्याशिवाय आम्हा दोघांचे चाळीस तरी.

पुढच्या जुलैसाठी शब्दवही आणि कोशाचा क्रम पहिल्या शनिवारी. चिठ्ठीवर साल पहिल्या दिवसापासून. जिल्ह्याच्या ग्रंथालयाचं सभासदत्व जूनमध्येच. तपासाच्या गटाला ते पुस्तक हवंच आहे, आणि सभासदाने ते आज सकाळी परत आणून दिलं. दिवाळीच्या सुट्टीत वाचनालय सकाळी उघडं असतं का, हे त्या गटातली दोन मुलं कार्यवाहांना विचारून आली.